भामाच्या हातून टिपलेला चंद्र

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. जहाजाने न्हावा शेवाला उतरलो आणि पनवेलजवळच्या नेरे गावात फोटोग्राफर कमळाकर यांच्या हाती आलो. बारा वर्षं आम्ही आसपासच्या गावांतली लग्नं टिपली. नवरीचे फोटो पाहून लोक आमचं कौतुक करत. प्रत्येक लग्नात कमळाकर यांची बायको भामा शेजारी दिवा धरून उभी असे. माझ्या बटणाला मात्र तिने कधी हात लावला नाही.

पुढे कमळाकर यांचे हात थरथरू लागले आणि मी कपाटात गेलो. दोन वर्षांत माझ्या पट्ट्याला बुरशी आली. अखेर त्यांनी मला पनवेलच्या एका दुकानदाराला द्यायचं ठरवलं. तो रविवारी येणार होता.

त्या सोमवारी, दिवेलागणीला, भामाने मला हळूच बाहेर काढलं. मऊ फडक्याने पुसलं आणि कुणी पाहू नये म्हणून गोठ्यामागे नेलं. तिला चंद्र टिपायचा होता! पण फोटोत उमटला नुसता पांढरा ठिपका. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी ती लाजत नवऱ्यासमोर उभी राहिली. "मला नाय जमत. चंद्र पिठाच्या गोळ्यासारखा येतो."

कमळाकर आधी चकित झाले, मग हसले. "अगं, अंधार बघून फसू नको. चंद्रावर ऊन पडलेलं हाय. उन्हातला फोटो काढतात तसा काढ."

त्यांनी उजेड कमी घेण्याचे आकडे सांगितले, तिने ते माझ्यावर लावले. श्वास रोखला. बटण दाबलं.

अर्धा चंद्र! कडेचे खड्डेसुद्धा स्पष्ट. कमळाकर पडद्यावर फोटो मोठा करत बराच वेळ पाहत राहिले. "भामे, असा चंद्र मला कधी मिळाला नाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी दुकानदार आला. परक्या माणसासमोर न बोलणारी भामा स्वतः दारात गेली.

"कॅमेरा द्यायचा नाय," ती म्हणाली. "तो माझा हाय."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं खूप कौतुक झालं; पण मला 'माझा' असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं. तुमच्या कपाटातही माझ्यासारखं कुणी पडून असेल. त्याला बाहेर काढा, धूळ पुसा आणि घरात ज्याने अजून कधी विचारायचं धाडस केलं नाही, त्याच्या हाती द्या.