पोटरीखालची बॉबिन

मी एक लाकडी बॉबिन बोलतेय. माधवनगरच्या एका गिरणीत माझ्या अंगावर सूत गुंडाळलं जायचं. गिरणी बंद पडली, तेव्हा तिथले कामगार हुसेनभाई मला घरी घेऊन आले. मग बरीच वर्षं मी माळ्यावर पडून होते.

मला खाली काढलं त्यांच्या लेकीनं, अल्फियानं. ती आठशे मीटर पळते. विश्रामबागच्या मैदानावरून आली की तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. तिची मैत्रीण अंकिताही तीच शर्यत पळायची. तिनं शिकवलं, जमिनीवर बसायचं, मला पोटरीखाली घ्यायचं, हातांवर भार देऊन हळू मागंपुढं सरकायचं. गाठ लागली की थांबायचं, श्वास सोडायचा. गाठ सैल झाली की मला कळायचं. तेव्हा मी सुखात होते.

निवड चाचणी जवळ आली, सराव वाढला, अल्फियाची नडगी दुखू लागली आणि ती मला तिथंच फिरवू लागली. एकाच जागी, जोर लावून. तिथं कातडीखाली थेट हाड होतं. ते कसलं सैल होतंय? ती ओढणीचं टोक दातांत धरायची. तिचा हात माझ्याकडं आला की मला धडकी भरायची. मीच तिला इजा करत होते, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

"लंगडतीस का गं?" तिच्या अम्मीनं, नौशीननं विचारलं.

"न्हाई अम्मी, बूट चावलाय."

एका दुपारी अंकिता आली. तिनं नडगीवर नुसतं बोट टेकवलं, तर अल्फियानं पाय ओढून घेतला.

"हे आखडल्याचं दुखणं न्हाई. डॉक्टरला दाखव."

"मी पळाले न्हाई तर तुझी निवड हुणार. म्हणून सांगतीस व्हय?"

अंकिताचा चेहरा उतरला. ती उठली. मला वाटलं, गेली. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि नौशीनला सगळं सांगून टाकलं.

हाडाला बारीक चीर निघाली. पळणं बंद. अल्फिया अंकिताचा फोनही उचलेना.

आज सकाळी अंकिता चाचणीसाठी साताऱ्याला निघताना दारात आली. चालताना तिच्या पोटऱ्या ओढत होत्या. अल्फियाचं लक्ष तिथं गेलं. मग तिनं मला उचलून अंकिताच्या हातात दिलं.

"पोटरीवरच फिरव. आणि दुखलं तर लपवू नको, माझ्यासारखं."

आता मी एसटीत, अंकिताच्या पिशवीत आहे. तुमच्याही घरात व्यायामानंतर पायाखाली घ्यायचं लाटणं किंवा चेंडू असेल. खुशाल फिरवा. पण दाबल्यावर दुखणं वाढलं तर थांबा आणि कुणाला तरी सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

कराड मागं पडलंय. अंकितानं पिशवीवर हात ठेवलाय.