कंपनीचा ड्रम आणि गिरजाबाईची झारी

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो. माझा तळ खाल्ला गेला आहे आणि तोटी वाकली आहे. माझ्या पाण्यावर झाडं वाढली, एवढंच सांगून मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण शंभरावर रोपं माझ्याच तोटीतल्या पाण्याने मेली, आणि ती कशाने मेली हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मला बोलावं लागतं आहे.

१९६२ साली पिंपरीच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला जस्ताच्या पत्र्यातून कापलं, डाख देऊन सांधलं आणि जाळीला खिळ्याने भोकं पाडली. गिरजाबाईने चार दुकानं हिंडून, भरपूर घासाघीस करून मला घेतलं. चिंचवडच्या गावठाणाबाहेर तिचं आणि तिचा नवरा कोंडीराम याचं रान होतं. त्याच वर्षी ते कंपनीत गेलं. कोंडीरामला तिथेच नोकरी मिळाली आणि तो औत सोडून शिफ्टला जाऊ लागला. रानामागचा बांध मात्र बरीच वर्षं कंपनीच्या कुंपणात तसाच होता. त्यावर शेंदऱ्या आणि खोबऱ्या असे दोन रायवळ आंबे, एक रामफळ, भोकर, चिंच, जांभूळ आणि कढीलिंबाचं रान माजलेलं. गिरजाबाई कुंपणाबाहेरून ती झाडं बघायची आणि निमूट घरी यायची.

१९७१च्या उन्हाळ्यात नव्या शेडसाठी तो बांधही तोडायचा ठरला, तोही फळं झाडावर असताना. गिरजाबाईने दारावरच्या वॉचमनच्या हातापाया पडून आत जायची परवानगी मिळवली आणि मिळेल ते फळ, मिळेल ते बी पदरात गोळा केलं. मग घरासमोर डालड्याचे डबे, करवंट्या, फुटक्या घागरी मांडल्या. आंब्याची कोय वाळली की मेली, म्हणून फळ खाल्लं त्याच दिवशी कोय मातीत. चिंचोके रात्रभर भिजवून, भोकराचं बी राखेने चोळून, चिकट गर काढून. पाणी घालताना माझी जाळी तिने कधी कोवळ्या कोंबाच्या डोक्यावर धरली नाही. कडेकडेने, मातीपुरतंच घालायची.

पावसाळा संपेपर्यंत दीडशेच्या आसपास रोपं उभी राहिली. शेजारच्या सावित्रीबाई यायच्या आणि म्हणायच्या, "गिरजाबाई, तुमच्या हाताला गुण हाय बगा. दगुड लावला तरी उगवंल." तेव्हा मलाही थोडा ताठा चढायचा. हात तिचा असला तरी पाणी माझं होतं ना!

कंपनी कामगारांसाठी वसाहत बांधत होती. तिचे मॅनेजर अण्णासाहेब एकदा रोपं बघून गेले. "त्र्याहत्तरच्या जूनमध्ये मैदान तयार होईल. तिथे तुमचीच झाडं लावू, बाई," असं म्हणाले. गिरजाबाईचा गेलेला बांध पुन्हा उभा राहणार होता. दोन वर्षं ती त्या एका शब्दावर जगली.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाव तास पाणी. तेव्हा कोंडीरामने कंपनीतून एक रिकामा ड्रम आणला. आमच्या आळीत घरोघरी असा ड्रम होता, आणि तो असणं मानाचं होतं. कोंडीरामने तो राखेने घासला, चिंचेने घासला. गिरजाबाईने त्याला हळदकुंकू वाहिलं. वर इंग्रजीत काय लिहिलं होतं ते दोघांनाही वाचता येत नव्हतं.

"वास येतुया की वो," ती म्हणाली.

"कंपनीचा माल हाय. फिनेलवानी काय तरी आसंल. पिण्याला नगं, झाडास्नी चालतंय. कीड तरी मरंल."

प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात आणि झाडांचं ड्रमात, अशी त्याने वाटणी केली. माणसांपुरतं शहाणपण त्याला होतं.

ड्रमाच्या बुडाच्या घडीत रसायन बसलं होतं. पाणी भरलं की ते थोडं थोडं सुटायचं. मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण ते माझ्या पत्र्याला झोंबत होतं. मित्रांनो, आम्हा झाऱ्यांचं नाव तुम्ही घेता ते त्या शुक्राचार्यासाठी. झारीत बसून पाणी अडवलं म्हणून आजवर त्याला नावं ठेवता. त्या उन्हाळ्यात मला वाटायचं, एखादा शुक्राचार्य खरंच येऊन माझ्या तोटीत बसावा आणि हे पाणी अडवावं. कुणी आला नाही. मी ओतत राहिले.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. गिरजाबाईला वाटलं, ऊन लागतंय. तिने एक वेळचं पाणी दोन वेळा केलं. तिची माया वाढली तशी रोपं लवकर मेली. आधी भोकरं गेली, मग रामफळं, शेवटी शेंदऱ्याच्या कोयीतून आलेला गुडघाभर आंबा. तो उपटून तिने मांडीवर घेतला आणि डब्यांच्या रांगेत बसून राहिली.

जूनमध्ये अण्णासाहेब आले. वाळलेल्या काटक्या बघून म्हणाले, "असू दे बाई. गुलमोहर आम्ही फेब्रुवारीतच सांगून ठेवले होते." म्हणजे मैदान तिच्या झाडांसाठी कधी थांबलेलंच नव्हतं. मला त्यांचा राग आला. पण त्यांच्याहून जास्त राग मला दुसऱ्याचा आहे.

त्याच आठवड्यात कोंडीरामने मला डाख द्यायला हातात घेतलं. माझा तळ चाळणीसारखा झाला होता. त्याने बोट फिरवलं, वास घेतला आणि ड्रमाकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. बायको कामाला गेल्यावर त्याने पहारीने ड्रमाचं बूड फोडलं आणि संध्याकाळी तिला सांगितलं, "गंजला व्हता." मला त्याने पोटमाळ्यावर टाकलं, तळ भिंतीकडे करून.

१९८१ साली सावित्रीबाई मूठभर रामफळाच्या बिया घेऊन आल्या. "तुमच्या हातानं लावा," म्हणाल्या.

गिरजाबाईने हात पदराखाली घेतले. "नगं गं. माज्या हातानं जीव जातो. पोरागत वाढवली आन् समदी मारली म्या."

कोंडीराम तिथेच चहा पीत बसला होता. मी वरून बघत होते. आठ वर्षं मी वाट बघत होते, आता तरी बोलेल. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि तो पिऊन बाहेर गेला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, डाख द्या, असं मी मागत नाही. माझा काळ सरला. झाडं लावा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढंच मागते की तुमच्या हातून एखादं रोप मेलं तर 'माझ्यामुळे मेलं' असं म्हणा, आणि ते आपल्यामुळे मेलं असं ज्याला वाटतंय, त्याच्या तोंडावर म्हणा. मला जीभ नव्हती. कोंडीरामला होती.