काश्मिरीसाठी दुभाष्या

जगन्नाथ वांचूला सहा भाषा येत. पाचांवर त्याचं पोट चाले. सहावी, काश्मिरी, कवितेची. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून तो दिवसभर फोनवर दुभाष्याचं काम करी. इकडे डॉक्टर किंवा वकील इंग्रजीत बोलणार, तिकडे कुणी घाबरलेला माणूस उर्दूत, पंजाबीत, हिंदीत, कधीमधी मराठीत.

श्रीनगर सुटलं तेव्हा तो कॉलेजात जायच्या वयाचा होता. पुण्यात शिकला, नागपूरच्या शोभनाशी लग्न केलं, घरात मराठीच रुळली. कविता मात्र दुसऱ्या कुठल्या भाषेत येईचना. तीन संग्रह निघाले, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. तो वाचून दाखवी, शोभना मन लावून ऐके आणि म्हणे, "कानाला गोड लागतं रे. आता अर्थ सांग." अर्थ सांगता सांगता कविता विझून जाई. लेक इला जर्सी सिटीहून म्हणे, "नाइस, बाबा."

कंपनीकडे त्याने आपल्या भाषांत काश्मिरीही नोंदवली होती. इतक्या वर्षांत एकही कॉल आला नव्हता.

फेब्रुवारीत तो आला. हॉस्पिटलमधली डॉक्टर घाईत होती. "पेशंट वयस्कर बाई आहेत. त्यांना सांगा, कॅन्सर लिव्हरभर पसरलाय. आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही. फार तर काही आठवडे."

"मोजी," जगन्नाथ म्हणाला. आईला हाक मारायचा हा शब्द त्याने आई गेल्यापासून तोंडाने उच्चारला नव्हता.

पलीकडे म्हातारा आवाज दचकला. "हाय, कोण रे हा? गोबरा, बाळा, कुठला तू? कुणाचा?" बोली उत्तर काश्मीरमधल्या सोपोरकडची होती.

दुभाष्याने आपलं काही बोलायचं नाही, हा नियम. त्याने डॉक्टरला सांगितलं, "त्या विचारताहेत, मी कुठला."

"वेळ कमी आहे. पुढे सांगा, प्लीज."

कवीच्या तोंडाशी नरम शब्दांची रांग लागली. त्याने ती गिळली आणि जे सांगायचं ते सरळ सांगितलं.

मग म्हातारी म्हणाली, "किती गोड बोलतोस रे. इथे माझी नातवंडंसुद्धा असं बोलत नाहीत. पुन्हा सांग."

"काय म्हणताहेत?" डॉक्टरने विचारलं.

"पुन्हा सांगा म्हणताहेत."

डॉक्टरला वाटलं, कळलं नसेल. "मग सांगा ना. सावकाश."

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी म्हातारी गोष्ट ऐकावी तसे हुंकार देत होती.

शोभना चहा घेऊन आली तेव्हा कॉल संपला होता, पण त्याने हेडफोन काढले नव्हते. त्याने सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "निदान तिला आपल्या भाषेत कळलं, जगन."

"जन्मभर वाटायचं, आपली भाषा कुणीतरी ऐकावी," तो म्हणाला. "ऐकवली ती काय, मरणाची बातमी!"

त्याच दिवशी त्याने काश्मिरीची नोंद काढून टाकायला सांगितलं.

काही दिवसांनी कंपनीतला अनिल फोनवर आला. "सर, त्या आजी दुसऱ्या दुभाष्याशी बोलतच नाहीत. तोच मुलगा हवाय म्हणतात. दुखतंय का, एवढंच डॉक्टरांना विचारायचंय."

"जमणार नाही."

शोभना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली. पानं वाढली. जगन्नाथने दोन घास खाल्ले. तो ताटावरून उठला आणि उष्ट्या हातानेच फोन लावला.

"घेतो मी. जोडून दे."

अनिलने कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. "सर, रिक्वेस्ट कॅन्सल झालीय."

"का?"

"कारण दिलेलं नाही. हॉस्पिटलवाले कधीच देत नाहीत, सर." मग त्याने विचारलं, "काश्मिरी परत लावू का तुमच्या नावावर?"

"लाव," जगन्नाथ म्हणाला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. काश्मिरीचा कॉल आला नाही. कविताही नाही.