नुसत्या "हो"चा भरवसा नाही

बाबांना कमी ऐकू येतं, हे बाबा सोडून सगळ्या घराला माहीत होतं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "हो." दूध उतू जात असलं तरी गॅस बंद केल्याचा "हो" तयार. म्हणून लेकीने नियमच केला होता. काही सांगितलं की लगेच विचारायचं, "काय म्हणाले मी?" दोनदा सांगूनही ऐकलं नाही, तर काम स्वतःच उरकायचं.

लेक वैमानिक. घरात एवढी खमकी, पण कॅप्टनच्या परीक्षेत एकदा आपटली होती. ढगांतून उतरताना तिने ऑटोपायलटला वळायला सांगणारं बटण दाबलं आणि निर्धास्त बसली. बटण लागलंच नव्हतं. विमान धावपट्टीकडे नेणारी रेडिओची रेघ ओलांडून सरळ पुढे गेलं. परीक्षकांनी शेरा मारला, "सांगितलं, पण बघितलं नाही." आज दुसरी आणि शेवटची संधी होती. हुकली तर जन्मभर उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून.

सिम्युलेटरमध्ये विमान खोटं, ढग खोटे, घाम तेवढा खरा. परीक्षक मागे बसले होते, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून.

धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओच्या रेघेवर वळायची वेळ आली. तिने बटण दाबलं आणि लगेच, ऑटोपायलट काय करतोय ते दाखवणाऱ्या समोरच्या छोट्या पट्टीकडे पाहिलं. तिथे नवा शब्द उमटायला हवा होता. जुनाच होता.

"काय म्हणाले मी?" ती पुटपुटली.

शेजारचा सहवैमानिक दचकला. "मला विचारताय?"

"तुला नाही रे."

तिने पुन्हा दाबलं. पट्टी ढिम्म. रेघ दाखवणारा काटा मध्याकडे सरकू लागला होता. तिने ऑटोपायलट बंद केला, "आता हाताने नेते," म्हणाली आणि विमान वळवलं. काटा मधोमध धरून ती ढगांखाली आली, तेव्हा धावपट्टी नाकासमोर होती.

"बटण मीच बंद पाडलं होतं," उतरल्यावर परीक्षक म्हणाले. "तिसऱ्यांदा का नाही दाबलंत?"

"दोनदा सांगून ऐकलं नाही, तर काम आपणच उरकायचं, सर. आमच्या घरचा नियम आहे."

परीक्षक चक्क हसले आणि त्यांनी सही केली.

घरी बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते.

"बाबा, पास झाले."

"हो."

सवयीने तिने विचारलंच, "काय म्हणाले मी?"

बाबांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढून पुसला. "कॅप्टन झाले, म्हणालीस."

असं ती म्हणालीच नव्हती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "हो."