चव घेणारी व्हर्लीन

"वहिनी, आज गोड आहे बघा मासा. आज तुम्ही नाही म्हणूच शकत नाही," होझी खिडकीतून बादली आत सरकवत म्हणाला.

"का हो भाऊजी, चाटून आलात की काय?" मी म्हटलं. त्याच्या मागे रांगेत उभे असलेले ट्रकवाले खो खो हसले. होझीही हसला. माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. ॲमॉस जाऊन नऊ वर्षं झाली, तरी होझीने मला कधी नावाने हाक मारली नाही.

बादलीत दोन कॅटफिश मिशा हलवत पडले होते. मी एक उचलला, डोकं उडवलं, शेपटीकडचा तुकडा कापून वाडग्यात घातला. मीठ नाही, मिरी नाही, तेलाचा थेंब नाही. झाकण घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. मासे साफ करून विकणाऱ्या या कारखान्यात माझं काम एवढंच. झाकण काढलं की आधी वाफ नाकात घ्यायची, मग तुकडा जिभेवर ठेवायचा, मग थुंकायचा. उन्हाळ्यात तळ्यात शेवाळ धरलं की माशाला चिखलाची चव लागते. असा एक ट्रक आत गेला तर शिकागोतलं गिऱ्हाईक कायमचं तुटतं. म्हणून विक्रीसाठी जाळं टाकण्याआधी तळ्याच्या मालकाने मासा माझ्याकडे आणायचा आणि मी हो म्हणेपर्यंत जाळ्याला हात लावायचा नाही. व्हर्लीन नाही म्हणाली म्हणजे नाही. आमचे मॅनेजर वेडसाहेबसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसत.

मी झाकण काढलं. वाफ तोंडावर आली, गरम लागली. तुकडा जिभेवर ठेवला. ओला कापूस चघळावा तसं वाटलं.

"चिखल," मी म्हटलं आणि थुंकले. "अजून आहे, भाऊजी. दोन आठवड्यांनी आणा."

होझीने टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. "मला तर घरी गोड लागला हो. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

"असणारच," मी म्हटलं. केवढी निर्लज्ज बाई मी!

त्याने बादली उचलली. हे तिसऱ्यांदा झालं होतं. एप्रिल, जून आणि आता जुलै.

आता सांगूनच टाकते. कामावरचा तो पांढरा कोट मी परत केला आहे, आता लपवायचं कोणासाठी? फेब्रुवारीत मला ताप आला. चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी कॉफी केली ती पांचट लागली. डबा शिळा झाला म्हणून मी अख्खा डबा फेकून दिला. मग कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. मग फरशी धुवायच्या औषधाची बाटली उघडून नाकाशी धरली. घसा जळला, वास नाही. मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाही. सोमवारी कोट घालून कामावर गेले. महिनाभरात येईल परत, असं मनाशी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना. सोपं आहे म्हणणं. त्या खोलीत येण्याआधी अठरा वर्षं मी आत मासे कापायच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी होते, बर्फाच्या पाण्यात, हातात सुरी घेऊन. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजूनही सरळ होत नाहीत. चव घेणारी म्हणून निवडली तेव्हा मला खुर्ची मिळाली, खिडकी मिळाली, कोटावर माझं नाव शिवून मिळालं. माझी आजी याच काळ्या मातीत वाकून कापूस वेचायची, माझी आईही वेचायची. पुढे यंत्रं आली, कापसातलं आमचं काम गेलं, आणि मग ही चिकट माती पाणी धरून ठेवते म्हणून लोकांनी शेतं खणून तळी केली. आता मैलोन् मैल चौकोनी पाणीच पाणी. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. गोरे जमीनदार माझ्या खिडकीशी टोपी हातात धरून उभे राहायचे हो! ते सोडवेना.

मग मी युक्त्या केल्या. बड्या तळेमालकांच्या ड्रायव्हरला थट्टेत विचारायचं, "काय रे, तुला काय वाटतं?" तो बोलून जायचा. बादलीतलं पाणी हिरवट दिसलं की नाही म्हणायचं. शंका आली की नाही म्हणायचं. नाही म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. हो म्हटलं आणि मासा खराब निघाला, तरच चौकशी होते.

आणि होझीच्या बाबतीत तर शंकासुद्धा घ्यावी लागत नव्हती. तो माझा दीर. त्याचा मासा मी पास केला आणि तो वाईट निघाला, तर सगळे म्हणणार, घरच्या माणसाचा म्हणून सोडला. मग वेडसाहेब माझी जीभ तपासणार. म्हणून होझीचा मासा नापास. दर वेळी नापास. माझी अब्रू मी त्याच्या तळ्याच्या जिवावर सांभाळत होते.

ते तळं साध्या जमिनीवर नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी चाळीस एकर घेतले, तेव्हा काळ्या माणसाला इकडे जमीन विकायला कोणी धजत नव्हतं. आजूबाजूची आमच्या लोकांची एकेक जमीन शेजारच्या गोऱ्या प्रुइट कुटुंबाच्या कुंपणात गेली. एवढे चाळीस एकर राहिले होते. "या वर्षी तळ्यातला मासा विकला गेला नाही तर मी जमीन प्रुइटला देऊन टाकतो," होझी जूनमध्येच म्हणाला होता. "मासे मोठे होत चाललेत, त्यांच्या खाण्याचा खर्च संपत नाही, माझी कंबर मोडली."

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चचा मेळा असतो. शिकागो, डेट्रॉइट, कुठे कुठे गेलेली माणसं त्या दिवशी गावी येतात. दर वर्षी मासे तळायचं काम होझीचं. त्या दिवशी त्याने स्वतःच्या तळ्यातले मासे आणले. मक्याच्या पिठात घोळवून मोठ्या कढईत सोडले, आणि अंगणभर माणसं ताटल्या घेऊन उभी राहिली.

"अगं बाई! लोणी आहे लोणी," ओडेसा क्रंप दुसरा तुकडा उचलत म्हणाली. ओडेसाची जीभ म्हणजे धारदार सुरी. "होझी, हा मासा कंपनीने नापास केला म्हणतोस? कंपनीची जीभ कुठे आहे? बोलवा तिला. व्हर्लीन! इकडे ये. घे, खा आणि सांग सगळ्यांना, यात कुठे चिखल आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुकडा घेतला. गरम होता, कुरकुरीत होता. त्यापुढे काहीच नव्हतं. आत्ता सांग, व्हर्लीन, आत्ता, असं मन म्हणत होतं, आणि तोंड नुसतं चावत होतं.

होझी झारा हातात घेऊन पुढे आला. "ओडेसाताई, उगाच वहिनींना छळू नका. मिरी आणि तिखट घातलंय मी मूठभर. तुम्हाआम्हाला काय कळणार? त्यांची जीभ आपल्यासारखी नाही. चौदा वर्षांत एक ट्रक चुकलेला नाही त्यांचा."

"दिराचा मासा आहे म्हणून तरी थोडं चुकायचं," कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"चुकल्या नाहीत, त्याचाच मला अभिमान आहे," होझी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. भर अंगणात माझ्या थोबाडीत मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

संध्याकाळी तो कढई घासत होता तेव्हा मी जवळ गेले. "भाऊजी, मला तुमच्याशी बोलायचंय."

"वहिनी, ओडेसाचं मनावर घेऊ नका हो."

"तसं नाही. मासा..."

"दोन आठवडे झालेच की. परवा आणतो परत. या वेळी तरी बघू." तो थकून हसला. आणि मी म्हटलं, "आणा." उद्या सकाळी कामावर जाण्याआधी त्याच्या घरी जाऊन सांगेन असं ठरवलं.

सकाळी मी निघण्याआधीच फोन वाजला: होझीचे मासे मरत होते. आदल्या दिवसापासून आभाळ भरलेलं होतं, वारा ठप्प. अशा हवेत पहाटे पाण्यातला प्राणवायू संपतो. होझीने पाणी उसळवणारं चाक लावलं होतं, शेजारचंही आणून लावलं होतं. पण तळ्यात माशांची एवढी दाटी होती की चाकं पुरी पडली नाहीत. मी पोचले तेव्हा काठाकाठाने मासे तोंडं वर काढून आ वासत होते. ऊन चढेपर्यंत सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं.

"जुलैमध्ये अर्धे काढले असते तर उरलेले जगले असते," प्रुइटचा माणूस कुंपणाशी उभा राहून म्हणाला.

"तेव्हा चवीत नापास होते," होझी म्हणाला. बस्स, तेवढंच. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. त्यात माझा काही संबंध असेल हे त्याच्या मनातच नव्हतं.

मेलेले मासे काढावेच लागतात. बुधवारी चर्चमधली दहाबारा माणसं आली, मीही रजा घेऊन गेले. ऑगस्टचं ऊन, तीन दिवसांचे मासे. माणसांनी नाकातोंडाला फडकी बांधली होती, कापूर चोळून. तरी ओडेसाचा पुतण्या दोनदा ओकला आणि ट्रकमध्ये काचा लावून बसला. मी कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी मासे पाटीत भरायला लागले. निदान एवढं तरी करावं, असं मनात होतं. किती वेळ गेला कळलं नाही. दुपारी ओडेसाने काठावरून पाव दिला, तो मी तिथेच पाण्यात उभ्या उभ्या, कोपराने माशा हाकलत खाल्ला.

वर बघितलं तर काठावर सगळे थांबलेले.

"व्हर्लीन," ओडेसा फडक्याआडून म्हणाली, "अगं, तुला वास येत नाही?"

माझा हात नाकाकडे गेला. नाक उघडं होतं. फडकं बांधायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तोंडात पाव होता, तो ना गिळवेना, ना थुंकवेना.

होझी माझ्यापासून दहा हातांवर जाळं धरून उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला. पावाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तळ्याकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एप्रिल, जून, जुलै, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. आता ओरडेल, असं वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. देवाशप्पथ, मला हवं होतं ते.

तो पाणी कापत माझ्याजवळ आला. स्वतःच्या तोंडावरचं फडकं सोडलं. माझ्या डोक्यामागून फिरवून घट्ट गाठ मारली, नाक नीट झाकलं.

"बांधा, वहिनी," तो हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

मग वळून ओडेसाला मोठ्याने म्हणाला, "त्यांचं फडकं पाण्यात पडलं होतं. चला, हात चालवा, ऊन तापलंय."

तो फडक्याशिवाय, उघड्या नाकातोंडानेच जाळ्याकडे परत गेला. थोड्या वेळाने काठावर जाऊन ओकला, तोंड धुतलं, आणि पुन्हा पाण्यात उतरून जाळं धरलं.