जोडपत्र क्रमांक एकतीस

प्रसन्न भोयेच्या घरचं जंगल जर्मनीत सरकारी फायलीत नोंदलं गेलं आणि तो श्रीमंत ठरला. पण हे जरा पुढचं झालं. कारण गोष्टीच्या सुरुवातीला तो व्यवस्थित गरीब होता, आणि तेवढंच सिद्ध करायला निघाला होता.

साल दोन हजार सोळा. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा हा कोकणा आदिवासी मुलगा म्युनिकजवळच्या गार्चिंगला मास्टर्स करत होता. पुण्यात नोकरी करून साठवलेलं पहिल्या वर्षातच उडालं होतं. गरजू विद्यार्थ्यांच्या निधीतून मदत मिळाली तर व्हिसा वाढणार, नाहीतर अर्धी डिग्री घेऊन घरी.

फॉर्मने तीन कागद मागितले होते. पण जात पडताळणी समितीपुढे आजोबांचा शाळेचा दाखला शोधून ठेवलेला माणूस तीन कागदांवर थांबत नसतो. प्रसन्नने त्रेचाळीस जोडले.

वरच्या मजल्यावरच्या कादंबरीताईने रविवारभर बसून सगळ्यांचं जर्मन भाषांतर केलं. "अरे, हे त्यांनी मागितलंच नाहीये!"

"ताई, न मागितलेलाच कागद ऐनवेळी मागतात."

एकतिसावा कागद वडिलांच्या, यशवंत भोयेंच्या आग्रहाचा. "वनपट्टा लाव रे. तो बघितला की कोणी शंका घेत नाही." आठ वर्षं हेलपाटे घालून, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दीड हेक्टर वनजमिनीवर मिळालेला हक्क. घरात तो देवाच्या फोटोशेजारी टांगलेला असे.

दोन आठवड्यांनी निधीच्या कार्यालयातून बोलावण्याचं पत्र आलं; विषय, 'वडिलांच्या मालकीचं जंगल'. टेबलापलीकडे फ्राउ ओबरमायर, म्हणजे ओबरमायर बाई.

"तर, हेर भोये. तुमच्या वडिलांकडे जंगल आहे."

"जंगल नाही, शेत आहे."

"कागदावर जंगल आहे."

"सरकारच्या मते जंगल आहे."

"आणि शेत कुठे आहे?"

"त्या जंगलात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "झाडं?"

"साग सहा. मोह एक. बाकी नागली आणि भात."

"माझ्या काकांकडेही दीड हेक्टर जंगल आहे. त्यांचे दोन ट्रॅक्टर आहेत."

"आमच्याकडे बैल आहे."

"किती?"

"एक. जोडीचा दुसरा शेजाऱ्यांचा."

फ्राउ ओबरमायरनी लिहिलं: पशुधन, भागीदारीत. प्रसन्नला ते चुकीचं वाटलं, पण त्यात चूक कुठे आहे ते काही सापडेना.

"थोडं जंगल विका. मग मदतीची गरजच नाही."

"विकता येत नाही. कायदाच तसा आहे."

"मालकीचं आहे, पण विकता येत नाही?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"मग तसा पुरावा आणा. विकायला काढलं आणि ते नाकारलं गेलं, असं पत्र. शुक्रवारपर्यंत. नाहीतर अर्ज बाद."

प्रसन्नने घरी फोन लावला. ऐकून वडिलांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "थांब. जर्मनीच्या सरकारने मला जंगलाचा मालक म्हटलं? लेखी?"

"बाबा, तीच तर अडचण आहे!"

"अडचण कसली? आमचा फॉरेस्ट गार्ड अजून मला अतिक्रमणवाला म्हणतो. त्या पत्राची शिक्क्याची नक्कल पाठव मला. दोन पाठव."

"पण विकायला काढल्याचं पत्र?"

"विकायला काढला तर पट्टाच जाईल की रे! आणि या पाड्यात घेणार तरी कोण? हां, तुझ्या त्या बाईला विचार."

प्रसन्नला आधी हसू आलं. मग वाटलं, दुसरा मार्ग तरी कुठे आहे? शुक्रवारी सकाळी त्याने चव्वेचाळिसावा कागद जोडला:

"महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमचे जंगल विकत घेण्याचा लेखी प्रस्ताव आपल्याच कार्यालयाने माझ्या वडिलांना द्यावा, जेणेकरून त्यांना तो बेकायदेशीर म्हणून नाकारता येईल व सदर नकाराची साक्षांकित प्रत या अर्जास जोडता येईल. प्रस्ताव आजच बारापूर्वी मिळावा. बैल विक्रीस नाही."