मागायचं नसतं

सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजातल्या, बाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि नेमकी तीच कोणी देत नव्हतं. त्यांना स्वतःची मंडळी हवी होती. म्हणजे एक चर्च, केवढंही का असेना, आणि त्यातली भांडखोर, उशिरा येणारी, कशीही असली तरी आपली म्हणावीत अशी माणसं. बाई मेथडिस्ट पंथाच्या पाळक होत्या, आणि नुसत्या नावाच्या नव्हेत. बिशपांनी डोक्यावर हात ठेवून रीतसर दीक्षा दिली होती. त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत बाईमाणूस त्या एकट्याच. बाकीच्यांना तिथल्या तिथे मंडळ्या मिळाल्या आणि ह्यांना त्या वेळचे बिशप म्हणाले, "लोक अजून बाईला पाळक म्हणायला तयार नाहीत. एक वर्ष सेमिनरीत शिकवा, मग बघू."

ते एक वर्ष काही संपेना. ते बिशप निवृत्त झाले, पुढे वारले. त्यांच्यानंतरचे आले, तेही गेले. मधल्या काळात बाईंनी ईश्वरविज्ञानात डॉक्टरेट केली, प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या, जाड जाड ग्रंथांत त्यांचे लेख आले. लोक म्हणायचे, काय करिअर केलंत हो! ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्यांना पोहायला शिकवायचं आणि आपण काठावर शिट्टी घेऊन उभं राहायचं, ह्याला करिअर म्हणतात होय? आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. यंदाच्या चर्चच्या वार्षिक परिषदेत मंडळी मिळाली तर मिळाली, नाहीतर कायमची बोंब.

बाई दोन विषय शिकवायच्या, उपदेश कसा करावा आणि चर्चचे नियम. उपदेशाच्या तासाला त्या शेवटच्या बाकावर बसत आणि पुढे उभा असलेला विद्यार्थी भरकटला की तिथूनच म्हणत, "थांबा. हे कोणाला सांगताय? त्या माणसाचं तोंड डोळ्यांसमोर आणा, मग बोला." मुलं पाठीमागे त्यांना 'थांबाबाई' म्हणायची. आता ह्यातली गंमत अशी, की खुद्द बाईंच्या डोळ्यांसमोर आणायला एकही तोंड नव्हतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्या जास्त चिडायच्या.

नियमांच्या तासाला मात्र आवाज बदलायचा. मेथडिस्ट पाळक आपली जागा आपण निवडत नाही. वर्षातून एकदा परिषद भरते, शेवटच्या दिवशी बिशप नेमणुका वाचतात. आपलं नाव आलं की उठून उभं राहायचं, 'तयार आहे' म्हणायचं आणि घरी जाऊन सामान बांधायचं. "मागायचं नसतं," बाई टेबलावर बोट आपटत सांगायच्या. "मागून मिळाली ती नोकरी. पाठवलं म्हणून गेलो, ती सेवा." मुलं माना डोलवायची, लिहून घ्यायची. बाईंनी ते जन्मभर पाळलं. दर वर्षी सगळ्या मंडळ्या वाचून झाल्या की 'इतर नेमणुका' यायच्या, त्यात वसतिगृह, मग दवाखाना आणि अगदी शेवटी सेमिनरी. तोवर निम्मे लोक पिशव्या आवरायला लागलेले असत. बाई उठायच्या, तयार आहे म्हणायच्या, बसायच्या.

आणि घरी येऊन नवऱ्याचं डोकं खायच्या. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, स्वभाव थंड.

"अगं, मग सांग ना त्या बिशपला," तो म्हणायचा. "माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, दिसत नाही म्हणतं, मग मी चष्मा देतो. काही न बोलता नुसतं उभं राहिलं, तर मी काय त्याच्या डोळ्यांत बघून ओळखू?"

"अहो, तुमचं तेच तर काम आहे."

"बरं, चुकलो," म्हणून तो पेपरात तोंड घालायचा.

बाईंच्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांत त्यांच्या मनासारखी निघाली ती एकच, गप्पी. वर्गात सदा गप्प म्हणून तिचं नाव गप्पी पडलं. चर्चासत्रात ओ की ठो नाही, पण उपदेशाला उभी राहिली की असं साधं, सरळ बोलायची की बाईंना एकदाही 'थांबा' म्हणावं लागलं नाही. बाईंनंतर दीक्षा मिळालेली बाईमाणूस ती पहिली. तोवर काळ बदलला होता, लोक तयार झाले होते, निदान तसं म्हणत होते. गप्पीला बस डेपोच्या मागचं चर्च मिळालं. छप्पर पत्र्याचं, उपदेश ऐन रंगात आला की मागे कोणीतरी बस रिव्हर्सला टाकणार. बाईंना अभिमान वाटला आणि पोटात दुखलंही. दोन्ही खरं होतं, उगाच खोटं कशाला बोला.

एका रविवारी गप्पी बहिणीच्या लग्नाला गेली होती, म्हणून बाईंना तिथे बोलावलं. बाईंनी जीव ओतून उपदेश केला. दाराशी उभ्या राहून सगळ्यांचे हात हातात घेतले. एक म्हातारी थांबली, "माझा मुलगा बघा, परत..." एवढं बोलली, तिचे डोळे भरले. बाई पुढे सरकल्या. तेवढ्यात म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाऊ दे. आमची पोरगी लग्नाहून आली की तिलाच सांगेन. तुम्ही फार छान बोललात हं."

बाई घरी आल्या त्या तशाच, चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसल्या. नवऱ्याने काय झालं विचारलं. "पाहुणी आहे मी," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पाहुणी. चहा देतात, छान म्हणतात, आणि दार लावून घेतात." नवऱ्याने ह्या वेळी चेष्टा केली नाही.

पुढच्याच आठवड्यात चर्चचे जिल्हा अधीक्षक, पाळकांवरचे साहेब, सेमिनरीत तोंडी परीक्षा घ्यायला आले. हाही बाईंचाच विद्यार्थी, आता केस पिकलेला. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "यंदा मी शहरातली जागा मागितलीय, बाई. मुलीचं कॉलेज आहे. बिशप हो म्हणालेत."

बाईंनी कप खाली ठेवला. "मागितलीय?"

"म्हणजे काय, सगळेच मागतात."

"अरे, मी तुम्हाला काय शिकवलं होतं?"

"ते पेपरात लिहायला होतं ना, बाई," अधीक्षक बिस्किट बुडवत म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. मग त्याने बाईंचा चेहरा बघितला आणि बिस्किट कपात पडलं.

सगळेच! बाई त्या रात्री बडबडत होत्या. गधडे माना डोलवत होते, आणि माना डोलवून झाल्या की बिशपांच्या दारात रांग लावत होते. आणि आपण शहाण्या, नियम छातीशी धरून 'इतर नेमणुकां'त बसलो. राग कोणाचा जास्त आला, त्यांचा की स्वतःचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळी नवरा दुकानाच्या किल्ल्या शोधत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बिशपांकडे जातेय." किल्ल्या खिशातच सापडल्या आणि तो म्हणाला, "सोडतो तुला. वाटेत मन बदललंस तर?"

बिशप हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला, वर्गातला सगळ्यात घाईचा मुलगा. त्याला 'तुम्ही' म्हणताना बाईंची जीभ अडखळायची. मोठं टेबल, भिंतीवर आधीच्या बिशपांचे फोटो, त्यात 'मग बघू'वालेही हसत होते. रात्रभर जुळवलेली वाक्यं बाई विसरल्या.

"मला मंडळी पाहिजे," त्या म्हणाल्या. "कुठलीही द्या. लहान चालेल, मोडकी चालेल. निवृत्त व्हायच्या आधी मला एकदा पाळक व्हायचंय."

बिशपने हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही कधी बोललाच नाहीत. आम्हाला वाटलं तुम्ही तिथे खूश आहात."

"खूश?"

"दर वर्षी तयार आहे म्हणता."

"मग काय तयार नाही म्हणू? तुम्ही तरी विचारायचंत."

"तुम्हाला कोण विचारणार? आम्ही सगळे अजून तुम्हाला घाबरतो." तो हसला, मग गंभीर झाला. "झालं समजा. लांब नाही पाठवणार तुम्हाला. घर सोडायला लागणार नाही असं बघतो."

झालं समजा! इतकं सोपं होतं ते. बाई जिना उतरल्या आणि खाली स्कूटरवर बसलेल्या नवऱ्याच्या पाठीत त्यांनी बुक्का मारला, रडू आलं म्हणून. पुढचे दिवस त्या वेगळ्याच होत्या. उपदेशाच्या तासाला 'थांबा' म्हणेनात. कपाटातला पांढरा झगा बाहेर आला, इस्त्री झाला, परत इस्त्री झाला. रविवारी मंडळीला काय सांगायचं ते ठरलं, लहान मुलांना कुठे बसवायचं ते ठरलं. एक गोष्ट मात्र चर्चचे नियम शिकवणाऱ्या बाईंच्या ध्यानीमनीही आली नाही. मोकळी मंडळी कधी कुठे पडून नसते. कोणाला एक द्यायची, तर कोणाला तरी तिथून उठवावं लागतं.

परिषदेचा शेवटचा दिवस आला. सभागृह गच्च भरलेलं, पंखे चालू असून उकडत होतं. गप्पी बाईंच्या मागच्याच रांगेत होती, वाकून म्हणाली, "बाई, यंदा फार छान दिसताय." बिशप वाचू लागला. नाव, मंडळी, तयार आहे. नाव, मंडळी, तयार आहे. अधीक्षकाला शहरातली जागा मिळाली. त्याने बाईंकडे बघायचं टाळलं. आणि मग बाईंचं नाव आलं. अजून मंडळ्या चालू होत्या, 'इतर' सुरूही झालं नव्हतं.

"बस डेपोमागची मंडळी," बिशपने वाचलं.

सवयीने बाई उभ्या राहिल्या. सवयीनेच तोंडातून 'तयार आहे' गेलं. टाळ्या पडल्या, लोक उठून उभे राहिले, आजवर दुसऱ्या कोणासाठी असे राहिले नव्हते. बाई खाली बसल्या. मागे वळून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी फक्त कान मागे लावले. पुढची नावं येत गेली, मंडळ्या संपल्या, गप्पीचं नाव काही येईना. वसतिगृह झालं, दवाखाना झाला. पिशव्यांची खुडबुड सुरू झाली.

"सेमिनरी," बिशप म्हणाला, आणि गप्पीचं नाव घेतलं. मागची खुर्ची सरकली. "तयार आहे," गप्पी म्हणाली, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, आणि बसली.

बाहेर चहाच्या टेबलाशी लोकांनी बाईंना गराडा घातला. अभिनंदन, अभिनंदन. बाई त्यांना बाजूला सारत गप्पीपर्यंत पोहोचल्या. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात रिकामा कप. तिने बाईंच्या पायांकडे बघून म्हटलं, "अभिनंदन, बाई. त्या आजी आहेत ना, मुलगा सारखा घर सोडून जातो त्यांचा. त्यांना लगेच बोलायला जमत नाही. थोडं थांबावं लागतं."

"तू बिशपांना भेटली नव्हतीस? इथेच राहायचंय म्हणून सांगितलं नाहीस?"

गप्पीने मान हलवली. "मागायचं नसतं ना."

बाईंच्या तोंडावर आलं, की मला नको म्हणून सांगते, तुझी मंडळी तू परत घे. ओठापर्यंत आलं. पण इतक्या वर्षांनी मंडळी मिळाली होती, शब्द ओठाबाहेर निघेना. त्यांना स्वतःची शिसारी आली आणि तरीही निघेना. मग त्या भलत्याच आवाजात खेकसल्या, "मी चुकीचं शिकवलं तुम्हाला. साफ चुकीचं. बिशप अजून आत आहे, जा, आत्ताच्या आत्ता जा आणि मंडळी माग."

गप्पीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"कुठली मागू, बाई?" ती म्हणाली. "माझी तर तुम्हाला दिली."